वाटसरूचा घास आणि गांवचा पेला

परगांवीं जाऊन आलेल्या दोन गृहस्थांना तेथल्या एकाच खाणावळीविषयीं विचारावें आणि दोघांकडून एकच उत्तर मिळावें, असा योग विरळाच. एक म्हणतो, आमटी अशी झाली होती कीं घरची आठवण झाली. दुसरा म्हणतो, आमटी कसली, फोडणीचें पाणी होतें तें! दोघेहि सज्जन, दोघांचीहि जीभ शाबूत, आणि दोघांच्या भोजनांत अंतर फार तर आठवड्याचें. मग खरें कोणाचें मानावयाचें? प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु परक्या गांवीं परक्या हातचें अन्न विश्वासानें घशाखालीं उतरवितांना प्रत्येक वाटसरूला तो पडत आला आहे. आज या प्रश्नाचा थोडासा इतिहास मी आपणांपुढें मांडणार आहें, आणि त्यासाठीं आपणांस इंग्लंडांतील खेड्यापाड्यांत घेऊन जाणार आहें. कारण तेथल्या वाटसरूंनीं आपल्या जेवणाच्या आणि बीअरच्या कहाण्या गेलीं चारशें वर्षें मोठ्या निष्ठेनें लिहून ठेविल्या आहेत.

इंग्लंडांत ज्याला ‘पब’ म्हणतात तें मूळचें ‘पब्लिक हाउस’, म्हणजे चारचौघांस मोकळें असलेलें घर. बीअरचें नांव ऐकून ज्यांच्या कपाळाला आठी पडली असेल त्यांना एवढेंच सांगतों, कीं मी मद्याची भलावण करावयास आलेलों नाहीं. खेड्यांतला पब हा नुसता पिण्याचा अड्डा नव्हे. तो गांवची चावडी आहे, वाटसरूची खाणावळ आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं रात्रीच्या मुक्कामाची जागाहि आहे. आपल्याकडे प्रवासी देवळाच्या ओवरींत किंवा धर्मशाळेंत उतरे आणि अन्नछत्रांत पानावर बसे. तेथें तक्रारीला जागा नव्हती. पदरीं पडलें पवित्र झालें. धर्माच्या गाईचे दांत कोण मोजणार? इंग्लंडांतहि मध्ययुगांत मठांमधून वाटसरूंचें असें आतिथ्य होत असे. परंतु १५३६ ते १५४० च्या दरम्यान आठव्या हेन्रीनें मठ मोडून टाकले, आणि तो आसरा सरला. मग पैसे मोजून सराईंत उतरण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. आणि मोल देऊन घेतलेल्या गाईचे दांत मात्र ज्यानें त्यानें पाहावेच.

गांवकऱ्याच्या पेल्याची काळजी त्याच्या कितीतरी आधीं घेतली गेली होती. त्या काळीं खेड्यांत ‘एल’ नांवाचें पेय पीत. जवाला मोड आणून, तो भाजून, भरडून व आंबवून तें करीत, आणि करणाऱ्या बहुधा घरच्या बायकाच असत. नवी एल तयार झाली कीं दारावर काठी उभारून तिला झुडपाचा झुबका बांधावयाचा, अशी वहिवाट होती. ती खूण पाहून गांवचा नेमलेला परीक्षक येई, चव घेई, आणि माल विकण्यालायक आहे कीं नाहीं तें ठरवी. १२६६ च्या सुमाराच्या एका कायद्यानें पावाचें वजन आणि एलचा भाव हीं दोन्ही धान्याच्या भावाशीं जखडून टाकण्यांत आलीं होतीं. पुढें पंधराव्या शतकांत नेदरलंड्सकडून हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें आलीं. त्यांच्या कडवट अर्कानें पेय अधिक दिवस टिकूं लागलें, आणि या टिकाऊ पेयाला बीअर हें नांव मिळालें. १५५२ च्या कायद्यानें अशा घरांना न्यायाधीशांचा परवाना आवश्यक झाला; आणि १५७७ साली सरकारनें मोजदाद केली, तेव्हां देशाच्या बऱ्याचशा भागांत मिळून १४,००० हून अधिक बीअरगृहें आणि १,६०० हून अधिक सराया भरल्या.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. परीक्षकाची जीभ गांवची होती, वाटसरूची नव्हे. गांवकऱ्याला आंबट पेला मिळाला तर तो दुसऱ्या दिवशीं त्याच दारांत उभा राहून जाब विचारी. वाटसरू तोंवर दहा कोस पुढें गेलेला असे, आणि तो पुन्हां कधीं येणार नाहीं हें मालकाला पक्कें ठाऊक असे. त्याच्या हातीं एकच शस्त्र उरलें होतें, तें म्हणजे लेखणी.

तें शस्त्र त्यानें लौकरच उपसलें. विल्यम हॅरिसन नांवाच्या धर्मोपदेशकानें १५७७ साली इंग्लंडचें वर्णन प्रसिद्ध केलें. सरायांतील धुतलेल्या चादरींचें कौतुक करतां करतांच तो वाचकाला बजावतो, कीं सामान उतरवून घेणारा नोकर गांठोडें हातांत तोलून पाहतो, आणि आंत नाणीं असल्याचा वास आला तर पुढच्या वाटेवरच्या लुटारूंस वर्दी पोंचते. उलट मॉरिसन नांवाच्या प्रवाशाची साक्ष पाहावी. अर्धा यूरोप पालथा घातलेल्या या गृहस्थानें १६१७ साली छापलेल्या आपल्या ग्रंथांत, वाटसरूची बडदास्त इंग्लंडांतल्यासारखी जगांत कोठें होत नाहीं, असा निर्वाळा दिला आहे. यजमानाच्या पंगतीला बसलें तर जेवणास सहा पेन्स आणि कोठें कोठें चारच पेन्स पडतात, हा हिशेबहि त्यानें नोंदून ठेविला आहे.

दोन माणसांचीं दोन मतें असावयाचींच. पण एकाच माणसाला लागोपाठच्या दोन रात्रीं काय अनुभव आले तें सॅम्युएल पीप्स याच्या रोजनिशींत पाहावें. हा आरमाराच्या कचेरींतला मोठा अधिकारी. १६६८ च्या जून महिन्यांत तो बायकोमाणसांसह सॉल्सबरी शहरीं एका नामांकित सराईंत उतरला. बिछाना रेशमी, जेवण उत्तम. परंतु निघतांना बिल हातांत पडलें आणि साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. घोड्यांचा आकार तर भारी होताच, पण नुसत्या पावाचे आणि बीअरचे साडेसात शिलिंग लावले होते! त्याच संध्याकाळीं माळावर वाट चुकून ही मंडळी रात्रीं एका लहानशा खेडवळ सराईच्या दाराशीं आली. जागा नव्हती, एक फेरीवाला आधींच निजला होता, त्याला उठवून यांची सोय करण्यांत आली. येथला मालक शहाणा आणि बोलका निघाला. त्यानें लोकर, धान्य आणि मुलुखाची हालहवाल यांवर गप्पा मारून रात्रीच्या जेवणाला अशी रंगत आणली, कीं पीप्सनें त्याची मुद्दाम नोंद केली. सकाळीं उठून पाहतात तों बिछान्यांत उवा! आणि नवल असें, कीं त्यांवरूनहि या मंडळींची हंसून पुरेवाट झाली. रेशमी बिछान्यावर निजलेला माणूस चिडून निघतो आणि उवांच्या बिछान्यावरला हंसत निघतो, यांतलें इंगित नुसत्या स्वच्छतेच्या आणि पक्वान्नांच्या मोजमापानें उकलावयाचें नाहीं. पहिल्या घरीं तो गिऱ्हाईक होता, दुसऱ्या घरीं पाहुणा.

सीलिया फाइन्स या धीट बाईनें १६९८ साली घोड्यावर बसून इंग्लंडच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत प्रवास केला. उत्तरेस स्कॉटलंडच्या हद्दीवर एका घरीं तिला इतकी अस्वच्छता दिसली कीं तेथली ओटाची पातळ भाकरी तिच्या घशाखालीं उतरेना. पण त्याच घरांत फ्रेंच वाइन मात्र अव्वल मिळाली. पुढें कॉर्नवॉलमध्यें एका बाईनें तिच्यापुढें सफरचंदाची खाजी दाट साय घालून ठेविली, आणि इतकें रुचकर स्वागत आपलें कोठें झालें नाहीं असें तिला वाटलें. परंतु त्याच चुलीभोंवतीं बायका-पुरुष-मुलें सगळींच चिलमी ओढीत बसलेलीं, आणि त्या धुरानें बाईसाहेब कासावीस! एकाच घराच्या पदरांत स्तुति आणि तक्रार दोन्ही कशा पडतात, याचे हे बोलके मासले होत.

आतां एका परदेशी पाहुण्याची कथा सांगतों. ती सगळ्यांत मार्मिक आहे. कार्ल फिलिप मोरित्झ हा जर्मन तरुण १७८२ साली इंग्लंड पाहावयास आला आणि पायीं निघाला. तेथें पायीं चालणारा तो भिकारी किंवा भामटा, अशी तेव्हांची समजूत. सराईच्या दारांत गाडी थांबली तर नोकर धांवत येत. धुळीनें माखलेले बूट दिसले तर जागा नाहीं म्हणून सांगत. विंडसर येथें त्याला एक भिकार खोली मिळाली, आणि ज्या नोकरानें धड चाकरी केली नाहीं तोच निघतांना बक्षिसासाठीं हात पसरून उभा राहिला. मोरित्झनें दीड पेनी टेकविली. त्याबद्दल त्याला एक खणखणीत शिवी ऐकावी लागली. तेथल्या जेवणाविषयींहि त्याचें मत फार बरें नाहीं: अर्धें कच्चें मांस आणि नुसत्या पाण्यांत उकडलेलीं कोबीचीं पानें. विस्तवावर भाजून लोणी लावलेला पाव मात्र त्याला अतिशय आवडला.

हाच मोरित्झ पुढें नेटलबेड नांवाच्या खेड्यांत पोंचला. तेथील सराईंत त्याला आसरा मिळाला, पण बसविलें स्वयंपाकघरांत, शिपाई आणि गडीमाणसांबरोबर. घासून लखलखीत केलेलीं भांडीं, पेटलेली चूल, आणि भोंवतीं साधींसुधीं माणसें पाहून त्याचा शीण गेला. दुसरा दिवस रविवारचा. त्यानें धुतलेला सदरा घातला, आणि काय चमत्कार! लगेच त्याला दिवाणखान्यांत नेऊन बसविलें, आणि रात्रीं ज्याला साध्या माणसाची हांक मारीत होते त्याला ‘सर’ म्हणूं लागले. माणूस तोच, घर तेंच, चूलहि तीच; बदलला तो सदरा. या गांवाचा लळा त्याला असा लागला कीं तेथून त्याचा पाय निघेना. एखाद्या खाणावळीची निंदा किंवा स्तुति वाचतांना, बोलणारा कोणत्या कपड्यांत आणि कोणत्या वाहनानें तेथें गेला होता हें आधीं विचारावें, हा धडा मोरित्झनें दोनशें वर्षांपूर्वींच घालून दिला आहे.

बोलणाऱ्याची प्रकृतिहि विचारावी. डॉ. जॉन्सन यांनीं १७७६ साली ऑक्सफर्डशायरमधील चॅपेल हाउस येथील सराईंत जेवतांना सराई या संस्थेचे गोडवे गाइले. त्यांचा आशय असा, कीं कोणाच्या घरीं पाहुणा गेलें तर यजमानाला आणि पाहुण्याला दोघांनाहि जपून वागावें लागतें. सराईंत मात्र जितकें अधिक मागावें तितके आपण अधिक हवेहवेसे होतों, आणि मनुष्यानें निर्माण केलेल्या दुसऱ्या कोणत्याहि वस्तूनें एवढें सुख दिलें नाहीं. हेच जॉन्सन १७८४ च्या जून महिन्यांत, चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, आजारी शरीरानें ऑक्सफर्डच्या वाटेवर एका सराईंत जेवावयास बसले. पुढें भाजलेलें मटण आलें. त्या मेंढ्याला चारलें कसें, मारलें कसें, मांस राखलें कसें आणि शिजविलें कसें, या चारहि बाबतींत त्यांनीं त्याचा असा पंचनामा केला कीं तो साहित्यांत अमर झाला. त्याच डिसेंबरांत ते निवर्तले. मटण वाईट असेलहि. पण जीभ आठ वर्षांपूर्वींची राहिली नव्हती, हेंहि विसरूं नये.

येथवर खाणाऱ्याची बाजू झाली. आतां पिंपाची बाजूहि ऐकली पाहिजे. जुन्या पद्धतीची बीअर ही जिवंत वस्तु आहे. पिंप पबमध्यें येतें तेव्हां आंत यीस्ट शिल्लक असतें, आणि आंबण्याचें शेवटचें काम पबच्या तळघरांतच पुरें होतें. तळघर सेंटिग्रेडच्या ११ ते १३ अंशांवर ठेवावें लागतें. गाळ खालीं बसेपर्यंत पिंपाला धक्का लावावयाचा नसतो. नळ्या वेळच्या वेळीं धुवाव्या लागतात. एकदां तोटी उघडली आणि हवा आंत शिरली, कीं तीनएक दिवसांत चव उतरूं लागते. शहरांत गर्दी असल्यामुळें पिंप एका दिवसांत रितें होतें. खेड्यांत शनिवारीं उघडलेलें पिंप मंगळवारींहि अर्धें भरलेलेंच. शनिवारचा पाहुणा लिहितो, अमृत. मंगळवारचा लिहितो, शिरका. आणि दोघेहि सत्यवादी! जें पिंपाचें तेंच मुदपाकखान्याचें. चाळीस माणसें येणार म्हणून शिजविलें आणि चारच आलीं, तर उरलेलें उद्यां कोणाच्या ताटांत पडतें तें आपणां गृहिणींना मीं सांगावयास नको.

सगळीच तक्रार अशी निरुपद्रवी नसे. १८२० साली लंडनमध्यें राहणाऱ्या अकूम नांवाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें अन्नांतील भेसळीवर ग्रंथ लिहून खळबळ उडविली. पातळ बीअरला कैफ आणण्यासाठीं तींत जे पदार्थ घालीत त्यांत एक आपल्या ओळखीचा होता: काकमारीच्या बिया. मलबाराच्या बाजूला मासे गुंगविण्यासाठीं वापरतात त्याच या विषारी बिया जहाजांत बसून विलायतेस गेल्या आणि इंग्रज मजुराच्या पेल्यांत उतरल्या. कायद्यानें मनाई असतांहि हा व्यापार चाले. अकूमनें शिक्षा झालेल्या व्यापाऱ्यांचीं नांवें निर्भयपणें छापलीं. येथें प्रश्न रुचीचा राहिला नव्हता, जिवाचा झाला होता.

सरकारनें यावर उपाय शोधला तो खुल्या चढाओढीचा. १८३० च्या कायद्यानें, दोन गिनी भरील त्या करदात्याला बीअर विकण्याची मुभा मिळाली आणि बीअरवरील कर उठविण्यांत आला. दुकानें वाढलीं कीं माल सुधारेल, असा हिशेब. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत सुमारें २४,००० नवीं बीअरगृहें उघडलीं! माल सुधारण्यापेक्षां पिणेंच बोकाळलें, आणि १८६९ साली हा कारभार पुन्हां न्यायाधीशांच्या हातीं द्यावा लागला. मग पहिल्या महायुद्धांत अगदीं उलट टोंक गांठण्यांत आलें. ग्रेटना येथील दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार पिऊन झिंगूं नयेत म्हणून १९१६ साली कार्लाइल भागांतले पब आणि बीअरचे कारखाने सरकारनें स्वतःच विकत घेतले. मालकाच्या जागीं पगारी व्यवस्थापक आला. बीअर अधिक खपविण्यांत त्याचा कांहींएक लाभ नव्हता. जेवण मात्र आवर्जून पुरवावयाचें, असें धोरण ठेवण्यांत आलें. हा विलक्षण प्रयोग १९७३ पर्यंत चालला.

दरम्यान वाटसरूची लेखणी एकाकी राहिली नव्हती. टेम नांवाच्या लहानशा बाजारगांवीं जॉन फॉदरगिल यानें १९२२ पासून एक सराई चालविली आणि १९३१ साली तिची रोजनिशी छापून मालकाचें गाऱ्हाणेंहि जगापुढें मांडलें. चांगल्या अन्नावर त्याचा जीव. पण बेढब आणि अरसिक गिऱ्हाइकांचा त्याला असा तिटकारा, कीं एकदां त्यानें अशा टोळक्याच्या बिलांत सहा-सहा पेन्स ‘चेहऱ्याचा कर’ म्हणून चढविले! दुसरें महायुद्ध संपलें, पण अन्नावरचें नियंत्रण १९५४ पर्यंत चाललें, आणि टंचाईच्या नांवाखालीं वाटेल तें पुढें ठेवण्याची खोड लागली. तेव्हां रेमंड पोस्टगेट या लेखकानें, अन्नाला क्रूरतेनें वागविणाऱ्यांविरुद्ध एक मंडळ असावें अशी अर्धवट थट्टेनें सूचना केली. वाचकांचीं पत्रें येऊं लागलीं, आणि १९५१ साली त्यांतून चांगल्या अन्नाची मार्गदर्शिका निघाली. तींत जाहिरात घ्यावयाची नाहीं, असा नेम होता. लिहिणारे सारे साधे गिऱ्हाईक. ज्या वाटसरूला कोणी ओळखत नव्हतें त्याला आपल्यासारख्याच हजारोंची स्मरणशक्ति लाभली. जो एकटा पुन्हां येणार नव्हता, त्याच्या वतीनें आतां दुसरा कोणी येणार होता.

याच सुमारास बीअरच्या मोठ्या कारखानदारांनीं मतभेद मिटविण्याची एक निराळीच युक्ति काढली. बीअर गाळावयाची, तापवून तींतील यीस्ट मारावयाचें, आणि बंद पिंपांत वायूच्या दाबाखालीं धाडावयाची. शनिवार काय आणि मंगळवार काय, पेला सर्वत्र सारखा! तक्रार मिटली खरी, पण चवहि गेली. म्हणून १९७१ साली चार तरुणांनीं जुन्या जिवंत बीअरच्या रक्षणासाठीं चळवळ सुरू केली, आणि ती इतकी वाढली कीं कारखानदारांना नमतें घ्यावें लागलें. लोकांनीं बेभरंवशाची पण जिवंत वस्तु मागून घेतली. खात्रीची पण निर्जीव वस्तु नाकारली. मिश्र अनुभव हा दोषच आहे असें धरून चालणारांनीं यावर जरूर विचार करावा.

शेवटीं पुन्हां त्या कार्लाइलच्या मुलखाकडे वळूं. तेथून जवळच डोंगराच्या पायथ्याशीं हेस्केट न्यूमार्केट नांवाचें खेडें आहे. सरकारनें आपले पब विकून टाकल्याला तीस वर्षें झालीं, आणि २००३ साली या गांवच्या रहिवाशांनीं व त्यांच्या स्नेह्यांनीं सहकारी तत्त्वावर पैसे जमवून गांवचा पब स्वतःच विकत घेतला. परीक्षकानें चव पाहिली, न्यायाधीशानें परवाना दिला, चढाओढ करून पाहिली, सरकार स्वतः मालक झालें. आणि इतक्या फेऱ्यानंतर पेल्याची जबाबदारी, जो रोज तो पेला उचलतो त्याच्याकडेच परत आली.

श्रोतेहो, आरंभींच्या दोन गृहस्थांचा निवाडा आतां मला करतां येईल असें वाटतें. दोघेहि खरें बोलत होते; पण एक शनिवारीं गेला असेल आणि एक मंगळवारीं, एक गाडींतून उतरला असेल आणि एक पायीं आला असेल. त्यांच्या मतांची बेरीज करून दोहोंनीं भागल्यानें सत्य हातीं लागत नाहीं. परगांवीं भूक लागली असतां, ज्या घरांत गांवचीं माणसें रोज येऊन बसतात त्या घरीं जावें, हें उत्तम. तेथेंहि क्वचित् फसगत होईल, बिछान्यांत उवाहि निघतील. पण गांवची जीभ तेथें रात्रंदिवस पहाऱ्यावर असते, आणि तिच्या पहाऱ्याखालीं परक्याचा घासहि पुष्कळसा सुरक्षित राहतो. आणि घरीं परतल्यावर कोणी विचारलें, तर चवीबरोबर वारहि सांगावा.